सहा राष्ट्राध्यक्ष आणि एक फौजदार

स्पष्टच सांगते. एका बाईच्या तोंडी मी एक वाक्य घातलं आणि त्या वाक्यापायी तिची देशाबाहेर रवानगी व्हायची वेळ आली. सरकारला शिव्या मी देणारच आहे, भरपूर देणार आहे, पण आधी हे.

मी नागपूरची. २००३ च्या उन्हाळ्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी वर्क व्हिसावर बेसिंगस्टोकला आले. बेसिंगस्टोक म्हणजे बिझनेस पार्क, राउंडअबाउट आणि पुन्हा बिझनेस पार्क. माझ्याबरोबर आलेली मंडळी शनिवारी पोहे करून क्रिकेट बघायची. माझं तेवढ्यावर भागत नव्हतं. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. होस्टेलचं पाणी, फीवाढ, मेसच्या डाळीतल्या अळ्या, कशावरही. तीच माझी शाळा. तिथे शिकवलेलं अजून पाठ आहे. मथळा रस्त्याच्या पलीकडून वाचता आला पाहिजे. शत्रू एकच हवा आणि त्याला चेहरा हवा. ‘व्यवस्था’ वगैरे लिहिलंत की कागद भेळ बांधायला गेला म्हणून समजा. आणि मधोमध एक वाक्य, भोगणाऱ्याच्या तोंडचं, अवतरणचिन्हांत. ते वाक्य बहुतेक वेळा आम्हीच लिहायचो. जिच्या नावावर खपवायचो ती मुलगी वाचून म्हणायची, “हो गं, हेच म्हणायचं होतं मला.” झालं. तिची हरकत नाही तर जगाची कशाला?

साउथहॅम्प्टनला एक काका होते. सांगलीकडचे, साठच्या दशकात आलेले, आयुष्यभर बस चालवलेले आणि युनियन केलेले. रिटायर झाल्यावर त्यांनी गॅरेजमधली गाडी विकून तिथे छपाईचं एक जुनं यंत्र आणून ठेवलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या चळवळींना पाठिंबा देणारी आठ-दहा जणांची एक समिती होती, तिची सगळी पत्रकं त्या गॅरेजात निघायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी माझ्या हातात गठ्ठा दिला. “घड्या घाल. बोलायचं नंतर.”

घड्या घालून बोटं काळी झाल्यावर चहा मिळाला. मी विचारलं, “दक्षिण अमेरिकाच का, काका?”

“शेजारी भांडण लागलं की खिडकीतनं बघतेस का नाही? मग लांबच्यांनी काय पाप केलंय?”

काकांचा एक नियम होता, युनियनच्या दिवसांपासूनचा. पत्रक छापलं की पहिली प्रत विरोधकाला जायची. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्या पत्त्यावर, रजिस्टर्ड पोस्टाने. “पाठीमागनं धोंडा मारायचा नाही,” ते म्हणायचे. “दार वाजवायचं, मग मारायचा.” मला हा नियम इतका आवडला की पोस्टात जायचं काम मी स्वतःकडे घेतलं.

आता ताई. ती आमच्या ऑफिसात संध्याकाळी साडेपाचला साफसफाईला यायची. चाळिशीची, बुटकी, दोन वेण्या पाठीवर एकत्र बांधलेल्या. माझ्या टेबलावर पत्रक पडलेलं होतं, त्यावरचं ‘बोलिव्हिया’ तिने बोटाने दाखवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. तिचं इंग्रजी तेव्हा माझ्या स्पॅनिशइतकंच होतं, म्हणजे दोन्हींची बेरीज करून एक वाक्य व्हायचं. मी तिला ताई म्हणायला लागले. आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात, असं सांगितल्यावर ती म्हणाली, “बहीण असशील तर मग तो कप सिंकमध्ये ठेव. मी रोज उचलते.”

तिची हकिकत कळायला मला दोन महिने लागले. डोंगरातल्या एका गावात बाजारात तिचं कापडाचं दुकान होतं. भावाला पोलिसांनी उचललं, कोठडीत मारलं, त्याचा पाय कायमचा गेला. ताईने लेखी तक्रार दिली, त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या नावानिशी. काका आणि मी त्याला फौजदार म्हणायचो. तर हा फौजदार एके दिवशी तिच्या दुकानात आला, दोन मीटर कापड घेतलं, भाव केला नाही, आणि जाताना विचारलं, “मुलीची शाळा किती वाजता सुटते?” एवढंच. ताईने मुलीला दुसऱ्या गावी आईकडे ठेवलं आणि २००१ मध्ये ती इकडे आली. इथे आश्रय मागितला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे तिला कामाची परवानगी मिळाली. अर्ज मंजूर झाला तर मुलीला आणता येणार होतं. नामंजूर झाला तर परत त्याच बाजारात.

आणि तो नामंजूर झालाच होता. कारण ऐका. ती निघाली तेव्हा तिकडे एक म्हातारा, आजारी, जुना लष्करशहा राष्ट्राध्यक्ष होता. तो आजारपणामुळे पायउतार झाला, उपराष्ट्राध्यक्ष आला, मग निवडणूक होऊन एक धनाढ्य खाणमालक आला. इकडच्या सरकारी खात्याने ताईला पत्र लिहिलं, की तुम्ही ज्या राजवटीला घाबरून आलात ती आता राहिली नाही, सबब भीती नाही. अहो, ती राजवटीला घाबरून आलीच नव्हती! तिने अर्जात एकदाही राष्ट्राध्यक्षाचं नाव घेतलं नव्हतं. तिने फौजदाराचं नाव लिहिलं होतं, चार ठिकाणी. पण फौजदार बदलला का हे बघायचं तर कुणीतरी त्या गावात फोन करायला हवा. राष्ट्राध्यक्ष बदलला हे पेपरातच येतं.

हे मला तेव्हाच पुरतं कळलं होतं. म्हणून पुढचं जास्त लाजिरवाणं आहे.

ऑक्टोबर २००३ मध्ये तो खाणमालक पळाला. देशाचा नैसर्गिक वायू बाहेर विकण्यावरून लोक रस्त्यावर आले, सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली, तरी रस्ते मोकळे झाले नाहीत. शेवटी तो विमानात बसून परदेशी गेला आणि त्याचा उपराष्ट्राध्यक्ष खुर्चीत बसला. शनिवारी सकाळी मी पहिल्या ट्रेनने साउथहॅम्प्टनला पोचले. ताईही बरोबर होती. काकांच्या डायनिंग टेबलावर मी पत्रक लिहिलं. मथळा एकच शब्द: ‘पळाला!’ खाली ताईचा फोटो, हातात फलक घेतलेला. फोटोला तिने हो म्हटलं होतं. मागच्या बाजूला, आश्रय मागणाऱ्यांना परत पाठवणाऱ्या इथल्या खात्यालाही दोन रट्टे. आणि मधोमध जागा रिकामी.

“इथे काय?” काका म्हणाले.

“ताईचं वाक्य.”

“मग विचार की तिला. ती काय तिथं बसलीय सफरचंद खात.”

“काका, तिला वाक्य करायला अर्धा तास लागेल. मला माहितीय तिला काय वाटतं.”

मी लिहिलं: “तो गेला. आता मी निर्धास्तपणे माझ्या घरी जाऊ शकते.” इंग्रजीत ते कानाला फार छान लागलं. काकांनी चष्मा वर करून वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि यंत्र सुरू केलं. ताईने फोटो बघितला, म्हणाली, “माझं नाक मोठं आलंय.” वाक्य तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं नाही.

सोमवारी लंच ब्रेकमध्ये पोस्टात जाऊन मी पहिली प्रत रजिस्टर्ड पोस्टाने खात्याला पाठवली. त्यांच्या आश्रय विभागाला. ताईच्या फोटोसकट. पावती अभिमानाने पाकिटात ठेवली. जगात एवढा गाढवपणा कुठल्या गुन्हेगाराने केला नसेल, ना कुठल्या सरकारी बाबूने. हे आमच्यासारख्या प्रामाणिक, ताठ मानेच्या, दार वाजवून धोंडा मारणाऱ्या लोकांनाच जमतं.

२००४ च्या वसंतात ताईच्या अपिलाची तारीख लागली. तिची वकीलबाई, केसांचा कसाबसा अंबाडा घातलेली, कायम घाईत असलेली, तिने आम्हाला दोघींना बोलावलं आणि खात्याकडून आलेला गठ्ठा उघडला. त्यात आमचं पत्रक होतं. वाक्याखाली पेनाने रेघ.

“हे तुम्ही म्हणालात?” तिने ताईला विचारलं.

ताई तोवर संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जात होती. तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग माझ्याकडे वळली. “घरी? मी? कधी?”

मी म्हटलं, “ताई, ते पत्रकाची भाषा असते ना...”

“माझी मुलगी तिथे आहे. मी कधी म्हणाले निर्धास्त?”

मी पत्रक उलटं करून ठेवलं. मी! शाळेत मास्तर थकायचे माझ्या उत्तरांना.

त्यानंतर ताई माझ्याशी बोलली नाही. ऑफिसात रोज यायची. सगळ्यांची टेबलं पुसायची, सगळ्यांच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करायची, माझी सोडून. माझी टोपली वाहायला लागली. शेजारचा म्हणाला, तक्रार कर. मी त्याला म्हटलं, तुझं काम बघ. कचरा मी स्वतः घरी नेत होते.

अपील तेव्हा निकाली निघालं नाही. देशातली परिस्थिती बदलते आहे, म्हणून तारीख पुढे. मग २००५ च्या जूनमध्ये तो उपराष्ट्राध्यक्षाचा राष्ट्राध्यक्ष झालेला माणूसही गेला. पुन्हा मोर्चे, पुन्हा रस्ते बंद, राजीनामा. त्याच्यामागून खुर्चीचे वारसदार होते ते संसदेच्या दोन सभागृहांचे दोन अध्यक्ष. लोकांना ते दोघेही नको होते, दोघांनीही माघार घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाला निवडणुकीपुरतं बसवलं. काका म्हणाले, “आमच्या डेपोत एकदा असंच झालेलं. तीन ड्रायव्हर आजारी, शेवटी तिकिटं तपासणाऱ्याला गाडीवर बसवलं.” इकडे खात्याने ताईला आणखी एक पत्र पाठवलं. मजकूर तोच. राजवट बदलली, सबब भीती नाही. मी ती पत्रं एकाखाली एक ठेवून बघितली. राष्ट्राध्यक्षाचं नाव तेवढं वेगळं. जणू ताई मंत्रालयाच्या दारात राहत होती.

आणि मग डिसेंबरात निवडणूक झाली आणि आमचा माणूस आला. आमचा म्हणजे खरंच आमचा. त्या देशाचा पहिला आदिवासी राष्ट्राध्यक्ष, शेतकऱ्यांच्या संघटनेतून वर आलेला, ज्याच्यासाठी आम्ही थंडीत स्टॉल लावले होते. जानेवारी २००६ मध्ये त्याने शपथ घेतली तेव्हा समितीने साउथहॅम्प्टनच्या एका चर्चच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं. मी रडले. हो, रडले, त्यात काय.

दोन आठवड्यांनी वकीलबाईचा फोन. तारीख लागली आहे. खात्याचं नवं पत्र आलं आहे, आता तर तुमच्याच आदिवासी समाजाचा माणूस सत्तेवर आहे. आणि ताईच्या आईने कळवलं होतं की फौजदार आहे तिथेच आहे, उलट बढती मिळून आता सबंध जिल्हा त्याच्या हाताखाली. आईने पोलीस कचेरीच्या फलकाचा फोटो पाठवला होता. सगळ्यांत वर त्याचं नाव.

“ते वाक्य तिचं नाही हे सांगायला तुम्ही साक्षीला याल का?” वकीलबाईने विचारलं. “शपथेवर.”

मी हो म्हटलं आणि रविवारच्या बैठकीत समितीला सांगितलं. सेक्रेटरी होते एक रिटायर झालेले भूगोलाचे शिक्षक, सभ्य, मृदू, कधी आवाज न चढवणारे. ते म्हणाले, “जरा विचार कर. तू शपथेवर सांगणार की आपण पत्रकात वाक्यं बनवतो. उद्या आपल्या कुठल्याही पत्रकावर कोण विश्वास ठेवील?”

“आपण बनवतोच ना पण?”

“आणि दुसरं. तू सांगणार की याच्याही राज्यात ती बाई सुरक्षित नाही. त्याला येऊन महिना झाला नाही. त्याच्या विरोधकांच्या हातात तू कोलीत देते आहेस.”

“म्हणजे फौजदाराबद्दल आपण गप्प बसायचं, कारण आता तो आपल्या माणसाचा फौजदार आहे?”

“मी असं म्हणालो नाही.”

“मी लिहू का तुमच्या तोंडी? मला येतं ते.”

कुणीतरी खाकरलं. काका कोपऱ्यात घड्या घालत होते. ते उठले. मला वाटलं मला झापणार. ते सेक्रेटरींना इंग्रजीत म्हणाले, “मी पण येणार साक्षीला. वाक्य हिचं, पण पोस्टात टाकायचा नियम माझा.” आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, “तू लई मोठी तोंडाळ आहेस. तिथं गेल्यावर विचारतील तेवढंच बोल. भाषण ठोकशील तर त्या बाईचं वाटोळं होईल.”

मार्चमध्ये सुनावणी झाली. खोली म्हणजे कुठल्याही ऑफिसातली मीटिंग रूम वाटावी अशी, फक्त एक टेबल चबुतऱ्यावर. ताई नेव्ही ब्लू कोट घालून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी शपथ घेतली. न्यायाधीशबाईंनी पत्रक पुढे केलं.

“हे वाक्य कुणाचं?”

“माझं. तिला विचारलं नव्हतं. वाचूनही दाखवलं नव्हतं.”

खात्याच्या बाजूने एक माझ्याच वयाचा मुलगा होता, टाय घट्ट आवळलेला. त्याने विचारलं, “म्हणजे तुम्ही खोटं छापलंत.”

“हो.”

“आणि आज खरं बोलता, हे आम्ही कशावरून मानायचं?”

माझ्या जिभेवर चार भाषणं आली. गॅस, खाणी, गोळीबार, त्याच्या खात्याची एकाच साच्यातली पत्रं. मागच्या खुर्चीत काका बसलेले होते, त्यांनी घसा साफ केला. मी म्हटलं, “मानू नका. वाक्य नसल्यासारखं धरा. तिने स्वतः जे लिहून दिलंय तेवढं वाचा. त्यात चार ठिकाणी एका माणसाचं नाव आहे. तो माणूस अजून तिथे आहे, त्याच्या नावाच्या फलकाचा फोटो तुमच्या गठ्ठ्यात आहे.”

“पण या राष्ट्राध्यक्षाला तर तुमचा पाठिंबा आहे ना?”

“आहे. उद्याही स्टॉल लावणार आहे त्याच्यासाठी. म्हणून काय त्याच्या प्रत्येक पोलिसाची हमी मी घेऊ?”

न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मला उठायला सांगितलं. एवढंच. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल.

बाहेर पॅसेजमध्ये ताई आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. “आज नको. आज मला बरं वाटू दे.” मग काकांना म्हणाली, “तुम्ही काहीच बोलला नाहीत.” काका म्हणाले, “मला बोलवलंच नाही गं. मी कोट इस्त्री केलेला फुकट.”

निकाल मे महिन्यात आला. ताईला राहायची परवानगी. निकालपत्रात माझ्याबद्दल एक ओळ होती, की ही साक्षीदार राजकीय बाबतीत अतिशयोक्ती करते, पण या एका मुद्द्यावर विश्वसनीय वाटते. ती ओळ मी कुणाकुणाला दाखवली! मला त्यात अपमान दिसत नाही.

सेक्रेटरींचा फोन आला, ताईवर पत्रक काढू या. मी म्हटलं, तिला विचारा. ताई म्हणाली, नको. पत्रक निघालं नाही.

ऑगस्टमध्ये तिची मुलगी आली, चौदा वर्षांची, आईपेक्षा उंच. आठवड्याभराने ताईने मला घरी बोलावलं. भात आणि शेंगदाण्याचं सूप. जेवण झाल्यावर टेबल पुसून तिने म्हटलं, “लॅपटॉप काढ. राष्ट्राध्यक्षाला पत्र लिहायचं आहे. फौजदाराची तक्रार.”

“आता? ताई, तू सुटलीस ना त्यातून?”

“मी सुटले. आई तिथेच आहे. भाऊ तिथेच आहे.”

मला माझीच लाज वाटली, पण तोंडातून निघालं, “समितीतले लोक म्हणतील, नव्या माणसाला त्रास...”

“तो तुमचा हिरो असेल,” ताई म्हणाली. “माझा राष्ट्राध्यक्ष आहे. मी त्याला ओरडू शकते.”

ती स्पॅनिशमध्ये सांगत गेली, मुलगी माझ्या शेजारी बसून स्पेलिंग सांगत होती. पत्र कोरडं होतं. तारखा, ठाणं, भावाचा पाय, कापडाचे दोन मीटर, शाळेची वेळ. दुसऱ्या परिच्छेदानंतर माझे हात शिवशिवायला लागले. मी म्हटलं, “इथे एक ओळ टाकू? त्याला लागेल अशी?”

“नाही.”

“एकच.”

“तू टाइप कर.”

पत्र पाठवलं. नोव्हेंबरपर्यंत उत्तर आलं नाही, तेव्हा तिने दुसरं सांगायला घेतलं. त्यात पहिल्या पत्राची तारीख घातली, आणि कोरड्या आवाजात मला म्हणाली, “प्रती जास्त काढ. हा गेला तर पुढच्यालाही पाठवायची आहे.”